लॅपटॉप शाळेला 'देऊन टाकण्याआधी'

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अंगाने ठणठणीत असलेले लॅपटॉप कंपन्यांच्या स्टोअररूममध्ये रचून पडलेत. मग कधीतरी आयटी विभागाला मेल येतो: यातले दहा-वीस एखाद्या झेडपी शाळेला देऊन टाका.

माझा आक्षेप त्यातल्या 'टाका'वर आहे.

शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. एकदा चढली की ती बंद पडली तरी मुख्याध्यापकांना उचलून फेकता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव करा, तो वर पाठवा, मंजुरीची वाट बघा. तोवर कपाट अडलेलं आणि तपासणीला आलेल्या प्रत्येकाला उत्तर देत बसायचं. म्हणजे आपण दिलेला मरायला टेकलेला लॅपटॉप शाळेच्या गळ्यात वर्षानुवर्षं पडतो, आणि आपल्याकडे मात्र हार-तुऱ्याचा फोटो राहतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५मुळे सामाजिक जबाबदारीचा हिशेब पैशात होतो, सरासरी नफ्याच्या दोन टक्क्यांत. आयटीवाल्याची जबाबदारी मला वेगळी वाटते. पैसे देणाऱ्या क्लायंटला यंत्र सोपवताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच शाळेला सोपवताना घ्यायची. त्यात चौथीतल्या मुलासाठी सूट नाही.

आधी नाही म्हणायला शिका

ढिगातले सगळे लॅपटॉप द्यायचे नसतात. ३२ बिटचे प्रोसेसर बाजूला काढा. डेबियन या लिनक्स प्रणालीनेसुद्धा १३व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलंय. दोन जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर तोही बाद. बिजागरी तुटलेला लॅपटॉप देऊ नका. मुलं दिवसातून वीस वेळा झाकण उघडतात, स्क्रीनची केबल महिनाभरात तुटते.

फुगलेली बॅटरी नीट बघा. टचपॅड वर उचलला गेलाय, खालचं झाकण एका कोपऱ्यातून बसत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, ही तिची लक्षणं. अशी बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, स्क्रूड्रायव्हरने उचकटायची तर अजिबात नाही. चिकटवलेली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा, कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवा आणि नोंदणीकृत रिसायकलरला द्या. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. कंपनीसारख्या मोठ्या ग्राहकाने हा माल नाक्यावरच्या भंगारवाल्याला देणं त्यात बसत नाही.

हार्ड डिस्क असेल तर स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने तिची कुंडली काढा. तीन आकडे पुरतात: पाच नंबरचा रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा), १९७ नंबरचा करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) आणि नऊ नंबरचे पॉवर-ऑन अवर्स (डिस्क किती तास चालली). पेंडिंग शून्य नसेल तर ती डिस्क विश्वासाची नाही. पण खरं सांगायचं तर आकडे चांगले असले तरी फिरती डिस्क शाळेला देऊच नये. २५६ जीबीची साटा एसएसडी टाका. जुन्या लॅपटॉपमध्ये एवढा फरक पाडणारा दुसरा खर्च नाही. २.५ इंची एसएसडी सात मिलिमीटर जाडीची असते आणि काही जुन्या लॅपटॉपची खाच साडेनऊची. स्पेसर (जाडी भरून काढणारी चौकट) लावला नाही तर ती आत हलत राहते आणि कनेक्टर सैल होतो.

डेटा पुसणं

इथे घाई चालत नाही. डिस्कवर सहकाऱ्यांच्या पगारपत्रकांपासून ग्राहकांच्या आधार कार्डाच्या प्रतींपर्यंत काहीही असू शकतं आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ती माहिती सांभाळणं कंपनीचं काम आहे. 'फॉरमॅट मारला' म्हणजे पुसलं नाही. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात.

फिरत्या डिस्कसाठी पेनड्राइव्हवरून श्रेडओएस चालवा, त्यात एनवाइप हा डिस्क पुसणारा प्रोग्राम असतो. एकदा पूर्ण शून्यांनी भरलं की आजच्या डिस्कला पुरतं. सात-सात वेळा पुसण्याची पद्धत जुन्या काळची. तिने फक्त रात्र जाते. ५०० जीबीच्या डिस्कला एका फेरीत दीड ते दोन तास धरा.

एसएसडीवर हा उपाय अपुरा पडतो. एसएसडी काही जागा राखीव ठेवते आणि लिहिलेलं सतत हलवत असते, त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी राखीव जागेतला जुना मजकूर सुटू शकतो. तिला तिच्याच कंट्रोलरकडून पुसून घ्यायचं. साटा असेल तर लिनक्समधल्या एचडीपॅर्म या आज्ञेचा सिक्युअर इरेज, एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी पट्टीसारखी एसएसडी) असेल तर एनव्हीएमई फॉरमॅट सिक्युअर इरेजच्या पर्यायासह, नाहीतर बायोसमध्येच (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) असलेला डेटा वाइप. एचडीपॅर्म बऱ्याचदा 'फ्रोझन' म्हणून अडून बसतो. लॅपटॉप झोपवून परत जागा केला की बहुतेक वेळा सुटतो. आणखी एक मेख: सिक्युअर इरेजसाठी डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते. म्हणून सगळ्या लॅपटॉपना एकच साधा पासवर्ड ठेवा, कागदावर लिहा आणि अ‍ॅडॅप्टर लावूनच काम करा.

दर दहा डिस्कमागे एक हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरचा कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून मधलेच काही सेक्टर बघा. सीरियल नंबर, पद्धत, तारीख, करणाऱ्याचं नाव हे रजिस्टरमध्ये हवंच. आणि डिस्कच्या बाहेरही हात फिरवा. कार्ड रीडरमध्ये राहिलेलं मेमरी कार्ड, बॅटरीखालच्या खाचेतलं सिम, डीव्हीडीच्या ट्रेमधली सीडी, पाम-रेस्टवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी.

त्याच दिवशी बायोसचा सुपरवायझर पासवर्ड काढून टाका, अ‍ॅबसोल्यूटसारखी ट्रॅकिंग सेवा बंद करा आणि ऑटोपायलट किंवा एमडीएमच्या (कंपनीची यंत्रं दुरून सांभाळणाऱ्या सेवांच्या) यादीतून यंत्राचं नाव कमी करा. हे राहिलं तर सहा महिन्यांनी बूटचा क्रम बदलायची वेळ येते, बायोस पासवर्ड मागतो आणि तो माहीत असलेला माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. बऱ्याच बिझनेस मॉडेलमध्ये हा पासवर्ड बॅटरी काढून जात नाही. सरळ मदरबोर्ड बदलायची पाळी.

उघडल्यावर

झाकण काढलं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच बाकी कुठेही हात लावा. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये बघा. ऑफिसात पाच वर्षं चाललेल्या लॅपटॉपमध्ये तिथे करड्या नमद्यासारखा थर बसलेला असतो. चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघते. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसतो. पंख्याचे चार स्क्रू काढून आतल्या बाजूने ब्रश फिरवा. ब्लोअर वापरलाच तर पंख्याची पाती टूथपिकने अडकवून धरा, कारण हवेने गरगर फिरलेला पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे पाठवतो आणि बेअरिंगही खिळखिळं होतं. जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने आवळा. शाळेत खडूची धूळ असते, कोकणात शिवाय दमट हवा. जाळी आज साफ केली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात यंत्र गरम होऊन आपोआप बंद पडायला लागतं आणि 'व्हायरस आलाय' असं निदान होतं.

रॅम आठ जीबी करा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. दीड व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत बसते, पण यंत्र सुरू होत नाही किंवा बीप देत राहतं. योग्य रॅम टाकूनही स्क्रीन काळीच असेल तर सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने घासा, पुसा आणि क्लिप 'टक' होईपर्यंत बसवा. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लसची एक पूर्ण फेरी होऊ द्या.

आत नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२, तीन व्होल्टचा. लॅपटॉपमध्ये तो वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. हा सेल मेला आणि मुख्य बॅटरीही उतरली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग कुठलीही वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, कारण त्या तारखेला तिचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. शाळेत याला 'नेट गेलं' म्हणतात आणि बिचाऱ्या राउटरची अदलाबदल होते.

अ‍ॅडॅप्टर यंत्राबरोबरचाच द्या. बऱ्याच डेल लॅपटॉपमध्ये प्लगच्या मधल्या बारीक पिनेवरून अ‍ॅडॅप्टरची ओळख पटते. ती पिन वाकली किंवा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर लावला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो.

काय बसवायचं

ओरिजिनल विंडोज ११ चालणार असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर क्रॅक केलेलं विंडोज शाळेत टाकू नका. अ‍ॅक्टिव्हेटरसोबत काय-काय आत येतं हे आपल्याला ठाऊक आहे. टीपीएमची अट चुकवून बसवलेल्या विंडोज ११लाही पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही. मी लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवेन. तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, आणि नुसतं सुरू केल्यावर ती साधारण पाऊण ते एक जीबी रॅम घेते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाचा मोड 'रेड'वर आहे का बघा. तो एएचसीआयवर आणा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. त्या वेळी फोन यूएसबीने जोडून नेट द्या. सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असताना असा ड्रायव्हर बसवला की पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक', म्हणजे या ड्रायव्हरला मान्यता द्यायची का, विचारतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं गेलं तर ड्रायव्हर बसूनही वायफाय मेलेलंच राहतं.

चार जीबीवरच भागवायचं असेल तर झेडरॅम-टूल्स (रॅममधला डेटा दाबून जागा वाढवणारा प्रोग्राम) बसवा, त्याच्या फाइलीत अल्गोरिदम झेडएसटीडी आणि टक्केवारी ५० करा. ब्राउझरचे पाच-सहा टॅब तरी नीट चालतात. आठ जीबीला याची गरज नाही.

मुलांचं खातं अ‍ॅडमिन हक्कांशिवायचं. कीबोर्ड लेआउटमध्ये 'मराठी (एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट)' जोडा आणि भाषा बदलायची खूण पॅनेलवर दिसेल अशी ठेवा. नाहीतर मराठी लेआउट चालू असताना पासवर्ड टाकला जातो आणि 'पासवर्ड बदलला कुणी?' यावरून वर्गात तपास सुरू होतो. इन्स्क्रिप्ट शिकवताना दोन अक्षरं पहिल्याच दिवशी दाखवा. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. शिफ्ट विसरलं की 'दुसर्‍या'च्या जागी 'दुसर्या' होतं, आणि ती चूक मुलांच्या हाताला कायमची बसते. ज्या शिक्षकांची सवय फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची आहे, त्यांच्यासाठी आयबस या टायपिंगच्या सोयीत आयट्रान्स पद्धत द्या. मुलांना मात्र इन्स्क्रिप्टच. शाळेची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये असतील तर ती गिचमिड दिसतील. तिथे युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो, फॉन्ट शोधत बसून भागत नाही.

प्रिंटर कुठला आहे हे आधी फोन करून विचारा. शाळा-कार्यालयांत कॅनन एलबीपी २९०० भरपूर दिसतो, आणि त्याचा कॅप्ट ड्रायव्हर लिनक्सवर जाम रडवतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिपने (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) सरळ चालतात. मुख्याध्यापकांना निर्गम उतारा छापता आला नाही तर तुमचे दहा लॅपटॉप कपाटात जातील, मग आत कितीही चांगलं शैक्षणिक साहित्य असो.

नेट धरून चालू नका. एका लॅपटॉपवर कोलिब्री आणि किविक्स हे नेटशिवाय चालणारे प्रोग्राम बसवून तोच सर्व्हर करा. मराठी विकिपीडिया किविक्सच्या एका फाइलीत मिळतो, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. साधा वायफाय राउटर लावला की इंटरनेटशिवाय बाकीच्या लॅपटॉपवर हे सगळं ब्राउझरमध्ये उघडतं. सर्व्हरचा आयपी राउटरमध्ये राखून ठेवा. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर आयपी बदलतो आणि सगळ्यांचे बुकमार्क एकदम निकामी होतात.

हमखास येणारा बिघाड

पासवर्ड बरोबर टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच विचारतोय. असा फोन येणारच. बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते आणि भरणारा असतो टाइमशिफ्ट हा बॅकअपचा प्रोग्राम, त्याच डिस्कवर यंत्राच्या स्थितीच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, एकामागून एक साठवत. फोनवरूनच सोडवता येतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबायला सांगा, काळ्या पडद्यावर अ‍ॅडमिन खात्याने आत जा, डीएफ ही डिस्क किती भरली ते दाखवणारी आज्ञा चालवा. मूळ विभाजनासमोर १०० टक्के दिसलं की टाइमशिफ्टचे जुने स्नॅपशॉट काढा आणि जर्नल (यंत्राच्या नोंदींची फाइल) १०० एमबीपर्यंत छाटा. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ७. डिस्क भरलेली नसेल तर त्या खात्याच्या घरच्या फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाइल बघा. कुणीतरी सुडोने (अ‍ॅडमिनच्या हक्काने) खिडकीवाला प्रोग्राम चालवला की तिची मालकी रूटकडे, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याकडे, जाते. ती काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी बनते. हा फोनच येऊ नये असं वाटत असेल तर देतानाच टाइमशिफ्टला आठवड्याचे फक्त दोन स्नॅपशॉट ठेवायला सांगा.

एक यंत्र मनासारखं तयार झालं की क्लोनझिलाने त्याच्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या आणि बाकीच्यांवर उतरवा. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांचं काम. इमेज घेण्याआधी मशीन-आयडीची (यंत्राच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करा आणि उतरवल्यावर प्रत्येकाचं नाव बदला, नाहीतर दहाही यंत्रं नेटवर्कवर एकाच नावाने वावरतात. तीच इमेज असलेला पेनड्राइव्ह शाळेत ठेवा.

वर्गातली वीज

जाताना मल्टिमीटर न्या. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-अर्थिंग शंभरच्या आसपास घुटमळत असेल तर अर्थिंग नाहीच. अशा ठिकाणी धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि मुलं घाबरतात. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेईपर्यंत लॅपटॉप त्या सॉकेटला लावू नका. हा खर्च लॅपटॉपच्या बजेटमध्ये आधीच धरायला हवा.

लॅपटॉप नेहमीच्या कामात २० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे दहा मिळून २०० वॉट. बारा व्होल्ट १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीत १,८०० वॉट-अवर असतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची, वर इन्व्हर्टरचा तोटा. तरी साडेतीन-चार तास निघतात. मात्र सगळे लॅपटॉप रिकाम्या बॅटरीनिशी एकदम चार्जिंगला लावले तर हाच आकडा ६०० वॉटच्या वर जातो. पाच-पाचच्या दोन पाळ्या करा.

सोपवताना

दहा लॅपटॉप ठरले असतील तर बारा तयार करा, दोन राखीव. सोबत दोन जादा अ‍ॅडॅप्टर, सीएमओएसचे (ते नाण्याएवढे) दोन सेल, एक यूएसबी माउस-कीबोर्ड जोडी. बारा द्यायला नसतील तर आठच द्या, पण राखीव दोन ठेवा.

अ‍ॅडमिन पासवर्ड एका शिक्षकाच्या डोक्यात ठेवू नका. झेडपीत बदल्या होतात आणि तंत्रात रस असलेले सर किंवा मॅडम पासवर्डसकट दुसऱ्या तालुक्यात जातात. पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या कपाटात. शिकवायचं दोन शिक्षकांना आणि गावातल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याला. तो बदलून जात नाही, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचं नाव नोंदवून घेतलं की त्याला सुट्टीतही खोलीची किल्ली मिळते. एक पानाचं मराठी टिपण लॅमिनेट करून भिंतीवर लावा: चालू कसा करायचा, भाषा कशी बदलायची, तारीख चुकली तर काय, पडदा परत पासवर्ड विचारत राहिला तर काय, आणि फोन कुणाला. तो फोन नंबर निदान तीन वर्षं उचलला गेला पाहिजे. म्हणून तो एका माणसाचा नको, विभागाचा हवा.

देणगीपत्रात सीरियल नंबरांची यादी द्या म्हणजे जडसंग्रहात नोंद सरळ होते. त्याच पत्रात कंपनीने लिहून द्यावं की तीन वर्षांत बंद पडलेलं यंत्र आम्ही बदलून देऊ, आणि आयुष्य संपल्यावर शाळेचं निर्लेखन मंजूर झालं की रिसायकलरपर्यंत स्वखर्चाने नेऊ. एवढी दोन वाक्यं लिहायला व्यवस्थापन तयार नसेल तर ते लॅपटॉप शाळेला देऊ नयेत, असं मी ठामपणे सांगेन.

एप्रिलच्या शेवटी एक फोन करा. सुट्टीत लॅपटॉप पूर्ण उतरलेले ठेवले तर दीड महिन्यात बॅटऱ्या इतक्या खाली जातात की परत चार्जच होत नाहीत. पन्नास-साठ टक्क्यांवर बंद करून, अ‍ॅडॅप्टर काढून, पत्र्याखालच्या खोलीत नव्हे तर लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, प्रत्येकाच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायला सांगा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी दहाही चालू करायचे आणि प्रत्येकाची तारीख बघायची. ज्याची मागे गेली असेल, त्याच्यासाठी कपाटातला सेल तयार आहे.